बारा नंबरची मादी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

वारा वायव्येचा, हलका. पहाटे ५८ डिग्री फॅरेनहाइट. दिसलं: हरणाच्या माद्या दोन, लांब. नर एक. मारलं: काही नाही.

रामभाऊ काका म्हणतात शिकाऱ्यानं रोज एवढं लिहावं. वारा, वेळ, काय दिसलं, काय सोडलं. "मारलेलं फोटोत राहतंच बे. सोडलेलं कुठं राहते?" त्यांना दाखवायची वही वेगळी. ही माझी.

आज सीझनचा पहिला दिवस. पावणेसातला मोठ्या शिंगांचा नर माझ्या झाडावरच्या स्टँडखालून असा चालत गेला, की मी वरून थुंकलो असतो तर त्याच्या पाठीवर पडलं असतं. आणि मी काय केलं? हाताची घडी घालून बसलो. कारण आमच्या झोनमध्ये सरकारचा नियम: आधी एक मादी मारा, तिचा रिपोर्ट करा, मगच नर. म्हणे माद्या कमी झाल्याशिवाय हरणं कमी होत नाहीत. अरे पण तुम्ही कोण? बाण माझा, झाडावर चार तास बसून बधिर झालेलं बूड माझं. घरापासून दीडशे फुटांच्या आत धनुष्याला बाण लावायचा तर त्या घरमालकाची लेखी परवानगी. मारलं की संध्याकाळी आठच्या आत फोनवर रिपोर्ट. हे सगळं हरणांना कळवलंय का कुणी?

काकांना म्हटलं तर हसले. काका भंडाऱ्याचे. तीस वर्षं औषधांच्या लॅबमध्ये काढली, तिथल्याच एका गोऱ्या दोस्तानं त्यांना धनुष्य धरायला शिकवलं. मेपल रन नावाची ही घरांची वसाहत आहे, तिच्या मागचं चाळीस एकर रान असोसिएशननं अकरा वर्षं काकांच्या शब्दावर आम्हा सहा जणांना दिलंय. हरणं लोकांच्या बागा खातात, गाड्यांसमोर येतात, म्हणून.

"नियम म्हणजे सगळ्यात खालची पायरी," काका म्हणाले. "तेवढं पाळलं तर दंड होत नाही, बस. शिकारी व्हायला वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात."

"त्या कुठं लिहिल्यात?"

"कुठंच नाही. तीच तर बोंब आहे."

१७ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर डिलिव्हरी. आयसेलिनच्या दुकानातून वेस्ट विंडसरपर्यंत पोहे, कढीपत्ता आणि वीस-वीस किलो तांदूळ. मार्चमध्ये कॉलेजात थर्मोच्या मिडटर्म परीक्षेतून उठलो. प्रोफेसर म्हणाला, पेपर देऊन जा. मी त्याच्यासमोर फाडला. फाडायला नको होता. फाडला नसता तर परत जाता आलं असतं. असो.

घरी पुन्हा तेच. बाबा टीव्ही बंद करून म्हणाले, "अंकुर, रविवारी तुला वंदनेला यायला वेळ नाही आणि झाडावर बसायला आहे. पहिलं शील काय आहे आपलं?"

"जीव घेऊ नये. तुम्ही काल चिकन खाल्लंत."

"खाल्लं. मी बरोबर आहे असं कुठं म्हणालो?"

या माणसाशी भांडताच येत नाही. सरकारी नोकरी, पूल तपासायचं काम. प्रत्येक पुलाखाली स्वतः वाकून बघितल्याशिवाय सही करत नाहीत, म्हणून ऑफिसात सगळ्यांच्या मागे. आईचा प्रॉब्लेम वेगळाच. ती आतून ओरडली, "आणलंस तर धुऊन आण हो. माझ्या सिंकमध्ये केस नकोत."

१९ सप्टेंबर, गुरुवार

सावनीचा मेसेज. शिकाऱ्यांच्या ग्रुपला होता, पण मला दोनदा वाचावासा वाटला.

सावनीबद्दल इथं अजून लिहिलं नाही याचंच आश्चर्य आहे. सांगलीची, इथं पीएचडी करते. हरणांना मेंदूचा एक रोग होतो, तो आपल्या भागात पोचला नाही ना हे बघायला ती शिकाऱ्यांकडून हरणांच्या मानेतल्या गाठी गोळा करते. ऑगस्टमध्ये काकांच्या गॅरेजमध्ये दाखवायला आली होती, कुठं कापायचं ते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात चाकू, दुसऱ्या हातात काकांच्या फ्रीझरमधलं डोकं. म्हणाली, "घाबरू नकोस, जवळ ये, अंगठा इथं ठेव." लोकांना मुली नटलेल्या आवडतात. मी त्या अंगठ्यावर मेलो.

तिचा सॅम्पलचा डबा गाडीत ठेवायला सिद्धेश असतो. तिच्याच लॅबमधला. शनिवार-रविवारीसुद्धा बिचाऱ्याला ड्रायव्हरकी करावी लागते.

मेसेज असा: "मेपल रनकडून यंदाचा पहिला नमुना कोण देणार? सगळे मिळून अकरा झाले. बारावा कोण?" पुढे हसणारा चेहरा. तो चेहरा ग्रुपला होता असं मला वाटत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

वारा नव्हता. बाकी काय लिहू.

संध्याकाळी सहा पस्तीसला मादी आली. एकटी, पिल्लू नव्हतं. बत्तीस यार्ड. काकांनी मला पंचवीसची मर्यादा घातलीय. पण ही मर्यादा सरकारची नाही ना, काकांची. मी वीस यार्डांत दहापैकी दहा मारतो, बत्तीसमध्ये सात. सात म्हणजे पासच. मी सोडला.

बाण सुटायच्या क्षणाला ती पुढे सरकली. बाण मागच्या मांडीत, वर. आवाज वेगळा आला. ओल्या गादीवर मारल्यासारखा. ती बाण घेऊन पळाली.

काका लेकीकडे प्लेनोला गेलेत. फोन केला.

"रक्त कसं आहे?"

"लाल भडक. थोडं थोडं."

"मांसात लागला. ऐक. आता मागे धावू नको, तिला बसू दे. जिथं शेवटचं रक्त दिसलं तिथं कागद अडकव आणि घरी जा. उद्या उजाडलं की माग काढ. घरांकडे गेली असेल तर दार वाजवायचं, सांगायचं हरीण जखमी आहे, येऊ का आत. आणि अंकुर, रिपोर्ट करायचा नाही. हातात आल्याशिवाय मेली म्हणायचं नाही."

प्लेनोत एसीत बसून बोलायला काय जातं?

मी पंधरा मिनिटं थांबलो. फार तर वीस. मग मागावर गेलो. ती करवंदासारख्या काटेरी झुडपात बसली होती. मला बघून उठली, तीन पायांवर, आणि सरळ मेपल रनच्या घरांकडे गेली. मग अंधार.

गाडीत बसून हिशेब केला. एवढं रक्त गेलंय, रात्रीत मरणारच. सरकारला एक मेलेली मादी हवीय, एक मेलेली मादी मिळणार. आज रिपोर्ट केला काय आणि उद्या केला काय. सात एक्कावन्नला फोनवर केला. मादी, एक, धनुष्य. कन्फर्मेशन नंबर आला. एवढं सोपं असतं हे माहीत नव्हतं.

मग सावनीला लिहिलं: "बारावा मी."

एका मिनिटात उत्तर! आजपर्यंत कधीच एका मिनिटात आलं नव्हतं. "वा अंकुर! अभिनंदन. डोकं बर्फावर ठेव. सोमवारी येते."

झोप येईल असं वाटत नाही. आनंदानं असेल.

२२ सप्टेंबर, रविवार

साडेसहाला मेपल रनमध्ये. शिकारीचे कपडे घातले नाहीत, जॉगिंगचे घातले. दार वाजवून "मी शिकारी, माझं जखमी हरीण तुमच्या अंगणात असेल" असं सांगितलं असतं, तर दुपारपर्यंत असोसिएशनकडे पंचवीस तक्रारी. निम्म्या लोकांना तशीही शिकार नकोच आहे. काकांचं रान गेलं असतं. काकांसाठीच मी सांगितलं नाही. खरंच.

शेवटच्या घरामागे गवतावर रक्ताचा एक थेंब दिसला. वाकलो, तेवढ्यात गॅलरीतून मराठीत आवाज, "काय हो, काही हरवलं का?"

समोर साठीच्या बाई, हातात चहाचा कप. मी एवढा गोंधळलो, की मराठी ऐकून बरं वाटलं आणि तोंडातून निघालं, "कुत्रा."

"अगंबाई! नाव काय?"

"टायगर."

मंजुषा काकू, नाशिकच्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, नात आन्या आठ वर्षांची. दहा मिनिटांत मला चहा मिळाला, चकली मिळाली, आणि अख्ख्या गल्लीतली पोरं सायकली काढून "टायगर! टायगर!" करत रानाच्या कडेकडेनं ओरडत फिरायला लागली. म्हणजे मादी आसपास असलीच तर मैलभर गेली. आन्यानं विचारलं, "व्हॉट कलर?" मी म्हणालो, तपकिरी. "बिग?" म्हटलं, हो, बऱ्यापैकी. "लंगडतो का?" काकूंनी विचारलं, कारण त्यांनी पहाटे काहीतरी लंगडत जाताना बघितलं होतं. मी हो म्हणालो.

काकूंनी मला गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. माझी ओळख अशी: "अंकुर, टायगरचे पालक." चव्वेचाळीस लोकांनी हात जोडले.

मादी मिळाली नाही. काकांचा फोन आला. "मिळाली?"

"मिळाली."

"शाबास. कुठं होती?"

"ओढ्यापाशी."

"दार वाजवावं लागलं का?"

"नाही."

"नशीबवान आहेस," काका म्हणाले.

२३ सप्टेंबर, सोमवार

सावनी आली, तीन वाजता, दुकानाच्या मागे. सिद्धेश गाडीतच बसून होता. मी दुपारभर पाठ केलं होतं: बुचरकडे दिली, त्यानं चुकून डोकं फेकलं.

"अरेरे," ती म्हणाली. मग, "कुठला बुचर? मी त्याला सांगून ठेवते, पुढच्या वेळी ठेवेल."

"तो, तिकडचा... नाव विसरलो."

"बरं. फॉर्म तरी भरू. वजन?"

"एकशे पंधरा पाउंड."

"दात बघितलेस? वय?"

"अडीच वर्षं."

"बाण कुठून कुठं गेला?"

"छातीतून आरपार."

ती लिहीत होती. किती सुंदर लिहिते, प्रत्येक अक्षर सुटं. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, कुणी एवढा वेळ बघत नाही. म्हणाली, "अंकुर, नमुना नसला तरी चालतं हं मला. हरीण मिळालं नाही असं लोक सांगतात, तोही डेटाच असतो. मी कुणाला ओरडत नाही."

"माहितेय," मी म्हणालो. एवढ्या प्रेमानं ती सिद्धेशशी तरी बोलत असेल का?

निघताना माझ्या दंडावर थोपटलं. बारा नंबर माझा.

२८ सप्टेंबर, शनिवार

वारा आग्नेय. तोच नर आला. अठरा यार्ड, पूर्ण आडवा. आता कायद्यानं तो माझा.

धनुष्य उचललं नाही. वारा चुकीचा होता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सिग्नलला व्हॅन उभी असताना गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला. मंजुषा काकूंचं मागचं अंगण. शेडच्या सावलीत मादी उभी. मागचा पाय उचललेला. मांडीत बाण, अर्धा मोडलेला, मागची पिसं हिरवी.

माझी हिरवी आहेत.

मागच्या गाडीनं हॉर्न मारला तरी मला निघता येईना. तेरा दिवस. तेरा दिवस ती हे घेऊन चालतेय.

खाली काकूंचा मेसेज: "ही रोज सकाळी साडेसातला येते. मी परातीत पाणी ठेवते, ते पिते. सरकारी ऑफिसात फोन केला, ते म्हणाले चालती-फिरती आहे तोवर हात लावू नका. कुठल्या राक्षसानं केलं असेल हे?" त्याखाली सत्तावीस रडके चेहरे, आणि कुणीतरी: "बुधवारी असोसिएशनच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये हे घ्या. शिकार बंद म्हणजे बंद."

मग काकूंचा मला वेगळा मेसेज: "बाळा, तुझा टायगर मिळाला का रे?"

९ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंग संध्याकाळी सहाला, क्लबहाउसमध्ये. साठ-सत्तर माणसं. फोटो मोठ्या पडद्यावर लावला होता. आम्ही सहा जण मागच्या रांगेत. सावनीही आली होती, कारण रान बंद झालं तर तिचे नमुनेही बंद. ती सिद्धेशशेजारी बसली होती, दुसरीकडं रिकाम्या खुर्च्या नव्हत्या.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. प्लेनोहून लेकीनं दिलेला. बोर्डाच्या बाईंनी विचारलं, हा तुमच्यापैकी कुणाचा बाण आहे का?

काकांनी पडद्याकडे बघितलं. त्यांची नजर आता अधू आहे, चष्म्यानंही लांबचा हिरवा आणि पिवळा त्यांना सारखाच. ते म्हणाले, "माझ्या सहा जणांनी या सीझनमध्ये चार हरणं मारली. चारही सापडली, चारही रिपोर्ट केली. एकही जखमी सुटलं नाही. अकरा वर्षांत मी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. हा बाहेरून चोरून आलेल्या कुणाचा तरी बाण आहे. माझ्या पोरांपैकी कुणाचा असेल, तर मी स्वतः हे रान सोडून जाईन."

इंग्रजी त्यांचं अजून भंडाऱ्याचंच आहे. पण लोक गप्प झाले. मतदान पुढच्या महिन्यावर गेलं.

बाहेर पार्किंगमध्ये माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चेहरा काहून उतरला? जिंकलो ना आपण."

मी म्हणालो, डोकं दुखतंय.

सावनी गाडीपाशी उभी होती. मला हात केला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सरकारचीच चूक आहे. असला नियमच नसता, तर मला मादीच्या मागे लागायचं काय कारण होतं? आठच्या आत रिपोर्टची घाई नसती, तर मी सकाळपर्यंत थांबलो नसतो का?

आणि ती बत्तीस यार्ड कुठल्या नियमात होती? ती ओळ खोडणार होतो. खोडली नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबांनी ओढतच नेलं. एडिसनमधला भाड्याचा हॉल, अडीचशे माणसं, पांढरे कपडे, पुढं बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, कोपऱ्यात भातभाजीचे ट्रे. दरवर्षीचंच.

मी तयारीनं गेलो होतो. पहिल्या शीलाला तोंड बंद ठेवायचं, बाबांनी बघितलं तर बघितलं. जीव न घेण्याची शपथ मी घेणार नाही, ढोंग करणार नाही. माझं सगळं भाषण तयार होतं.

पहिलं शील आलं आणि गेलं. मी गप्प राहिलो, बाबांनी बघितलंही नाही. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं, थोडं जोरातच. चौथं आलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. माझा आवाज निघेना. अडीचशे माणसं म्हणत होती आणि मी मासोळीसारखा नुसता तोंड उघडत होतो. बाबांनी तेव्हा बघितलं.

बाहेर चपलांपाशी येऊन विचारलं, "काय झालं?"

सांगितलं. सगळं. कुत्र्यापासून नाही, बाणापासून. मला वाटलं आता शील, संस्कार, कॉलेज, सगळं निघणार.

"जिवंत आहे का ती अजून?" एवढंच विचारलं.

"परवा होती."

"मग इथं काय करतोयस?"

तिथूनच काकांना फोन लावला. त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी सत्तर माणसांसमोर बोललो रे."

"काका, मी..."

"गप. वन्यजीव खात्याच्या ऑफिसरला मी कळवतो. मारायची परवानगी फोनवर देतील, त्यांना ओळखतो मी. नंतर ते येतील, त्यांच्याशी तू बोलायचं. उद्या सहाला मेपल रनला ये. काकूंच्या अंगणापासून दीडशे फुटांत तीन घरं पडतात. तिघांच्या लेखी परवानग्या लागतात. दारं तू वाजवायची. मी तोंड उघडणार नाही."

१३ ऑक्टोबर, रविवार

वारा उत्तरेचा, मध्यम. ४४ डिग्री.

पहिलं घर एका गुजराती काकांचं. बनियनवर दार उघडलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "तू तो कुत्तेवाला है ना?" मी म्हणालो, कुत्रा नाही, कधीच नव्हता. त्यांनी सही केली आणि दार असं लावलं, की चौकट हलली. दुसऱ्या घरी एक कोरियन बाई. तिला दोनदा सांगावं लागलं. दोनदा सांगणं एकदा सांगण्याच्या दुप्पट नसतं, खूप जास्त असतं. ती रडली आणि तिनं सही केली.

तिसरं दार काकूंचं. त्यांनी मला बघून हसून दार उघडलं, "मिळाला का रे टायगर?"

मी बोलत गेलो. त्यांचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. मागं काका धनुष्याची पेटी धरून उभे, खाली बघत.

"आन्या रोज शाळेतून आली की तासभर हाका मारते," काकू म्हणाल्या. "बिस्किटं ठेवते झाडाखाली. तुझ्या कुत्र्यासाठी."

मी परवानगीचा कागद पुढे केला.

"आणि मी राक्षस म्हणाले ते तुलाच."

"हो."

"वाचलंस ना तू ते?"

"वाचलं."

"आणि तरी गप्प बसलास." त्यांनी कागद घेतला, चष्मा शोधला, सगळा वाचला. "मी नाही म्हटलं तर?"

मी काकांकडे बघितलं. बोलणार नाही म्हणाले होते. मी म्हणालो, "तर आम्ही जाऊ. ती पाय सडून मरेल. थंडी पडेपर्यंत जगेल कदाचित."

काकूंनी सही केली. मग म्हणाल्या, "थांब. लांबून मारून पुन्हा तसंच करशील. ती पाण्याशी येते तेव्हा हलत नाही. परात मी ठेवते."

"काकू, तुम्ही आत जा," काका पहिल्यांदा बोलले.

"ती मला बघून येते. तुम्हाला बघून येईल का?"

शेडच्या आडून परातीपर्यंत अकरा यार्ड. काकांनी धनुष्य पेटीतून काढलं, माझे हात बघितले, आणि दिलं. मी म्हणालो, तुम्ही मारा. ते म्हणाले, "मला हिरवा बाणसुद्धा दिसला नाही, मी काय मारू?"

साडेसातला काकू परात घेऊन निघाल्या. नेहमीसारखं काहीतरी पुटपुटत होत्या, "ये गं, ये." ती झुडपातून आली. हाडं मोजता येत होती. मांडीभोवती माशा. काकू परात ठेवून बाजूला झाल्या, पण आत गेल्या नाहीत. मादीनं त्यांच्याकडे बघितलं, मग मान खाली घातली.

छातीतून आरपार. या वेळी खरोखर. सहा-सात पावलं गेली आणि पडली. मी जवळ गेलो, काकांनी शिकवलं तसं डोळ्याला काठी लावून बघितलं. पापणी हलली नाही.

काकू परातीकडे बघत उभ्या होत्या. पाणी अजून हलत होतं.

ऑफिसर नऊला आला. पंचेचाळिशीचा, शांत. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. खोटा रिपोर्ट, जखमी जनावराचा माग सोडला. लायसन्स काढून दिलं. कोर्टाची तारीख येईल. मांस कामाचं नाही म्हणाला, सगळ्या अंगात पू. तिला त्यानं ट्रकमध्ये घातलं. काका म्हणायचे, मारलं ते खायचं, नाहीतर मारायचं नाही. त्यांनी बोर्डाच्या बाईंना फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "बाण माझ्या पोराचा होता. बुधवारी मी बोललो ते खोटं निघालं. रान तुमचं." अकरा वर्षं. तीन वाक्यं.

काकांनी कळवलं होतं, म्हणून सावनी ऑफिसरच्या ट्रकपाशी आली, डबा घेऊन. ट्रकमध्येच चढून गाठी काढल्या. सिद्धेश डबा धरून होता. तिच्या कपाळावरचे केस डोळ्यांत येत होते, हातात मोजे, म्हणून त्यानंच ते मागे सारले. इतक्या सवयीनं, की तिनं वरसुद्धा बघितलं नाही. मी बघितलं.

ती उतरल्यावर म्हणालो, "बारा नंबरची ओळ चुकीची आहे. खोडशील का?"

"ती मी तेवीस तारखेलाच काढली, अंकुर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी." मग मोजे काढून पिशवीत टाकले. "हिला बारा देते."

सगळे गेले. काका गेले, पेटी घेऊन. मी गवतावरचं रक्त बघत उभा होतो, तर काकू बागेचा पाइप ओढत घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला.

"आन्या दहाला उठते रविवारी," म्हणाल्या.

मी पाणी मारायला लागलो. गवतातून रक्त निघायला फार वेळ लागतो. काकू पायरीवर बसून बघत होत्या. आत जा म्हणायची मला हिंमत झाली नाही.

"इथं राहिलंय," त्यांनी बोट दाखवलं.

मी तिथं मारलं.

"शेडपाशी पण."

तिथं पण मारलं.

"तिला सांगायचं तूच," त्या म्हणाल्या. "कुत्रा नव्हता हे. मी नाही सांगणार."

पावणेदहा झाले होते. मी नळ बंद केला आणि पायरीवर, त्यांच्यापासून जरा लांब, बसलो.